पाठ टेकण्यापुरती उसंत

दसरा-दिवाळीच्या सुमारास खान्देशात कापूस फुटतो आणि वेचणीला जोर चढतो. इकडे तिला येचणी म्हणतात. कंबरेला ओटी बांधायची, सरीत वाकायचं, दोन्ही हातांनी बोंडांतला कापूस काढून ओटीत भरत जायचं. ओटी जड झाली की ती ढिगावर रिकामी करायची आणि पुन्हा वाकायचं. मजुरी किलोवर ठरते, त्यामुळे दिवसभर कंबर किती वेळ वाकलेली राहिली याचा हिशेब संध्याकाळी काट्यावर होतो. चोपडा असो, पारोळा असो की शिरपूर, वाकण्याचं हे काम मुख्यतः बायकांचंच.

मग एखाद्या सकाळी हंडा उचलताना किंवा कडेवरचं पोर खाली ठेवताना कंबरेत चमक निघते. उसण भरली असेल, दोन दिवसांत उतरेल, असं वाटतं. ती उतरत नाही. कळ मांडीतून पोटरीपर्यंत जाते, कूस बदलता येत नाही, चुलीपुढे बसलं तर उठता येत नाही. घरात दुसरं मोठं माणूस असेल तर बाई आठ दिवस काम कमी करते. नवरा वारलेला आहे किंवा सोडून गेलेला आहे आणि पदरात लहान लेकरं आहेत, अशा घरात मात्र पाणी, स्वयंपाक, शाळेचं दप्तर, दुकानाची उधारी हे सगळं त्याच एका कंबरेवर उभं असतं.

अशा बाईला शेजारपाजारहून दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला तेलाचा, शेकाचा, कंबरपट्ट्याचा, गोळी-इंजेक्शनचा. दुसरा दारात उभं राहून, उसासा टाकून दिलेला: भोग आहेत बाई, भोगूनच संपवायचे. पहिल्या सल्ल्याचा विचार डॉक्टर करतील. दुसरा सल्ला तत्त्वज्ञानाचा आहे आणि तो फारसा तपासला न जाताच पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. देहाचं दुखणं हे खरोखर मागच्या कर्मांचं फळ असतं का? आणि असलं किंवा नसलं, तरी ते दुसऱ्याच्या तोंडावर सांगायचा अधिकार कुणाला?

ही शंका नवी नाही. संयुत्तनिकायात मोलियसीवक नावाच्या एका परिव्राजकाची कथा आहे. राजगृहाच्या वेळुवनात तो बुद्धांना विचारतो की काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, माणसाला होणारी प्रत्येक सुखदुःखाची वेदना ही पूर्वकर्मामुळेच असते, यावर तुमचं काय मत? बुद्धांचं उत्तर वैद्याला शोभेल असं आहे. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्हींच्या संनिपातामुळे. काही ऋतू पालटल्यामुळे, काही शरीराच्या विषम वापरामुळे, काही बाहेरच्या आघातामुळे. या सात कारणांनंतर, आठव्या जागी, कर्मविपाक येतो. सगळंच पूर्वकर्मावर ढकलणारे लोक स्वतःला जे अनुभवाने ठाऊक आहे आणि जगाला जे मान्य आहे, त्याच्या पलीकडे धाव घेतात, असं बुद्ध म्हणतात.

यातलं सहावं कारण येचणीच्या शेतात उभं राहून वाचावं. विषम परिहार, म्हणजे शरीराला जसं वापरू नये तसं वापरणं. पाठीच्या कण्यात खालच्या बाजूला पाच मोठे मणके असतात आणि प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिवंत माणसांच्या या गाद्यांमधला दाब सुई घालून मोजला. आडवं झाल्यावर तो सर्वांत कमी, उभं राहिल्यावर जास्त, आणि पुढे वाकून वजन पेललं की कितीतरी पटींनी जास्त. कंबरेला बांधलेली ओटी घेऊन वाकलेल्या बाईच्या वेदनेचं कारण शोधायला मागच्या जन्मात जायची गरज नाही. ते याच जन्मातल्या सरीत सापडतं.

खुद्द बुद्धांची पाठ दुखत असे, हे मात्र फार लोकांना ठाऊक नसतं. मज्झिमनिकायातल्या सेख सुत्तात प्रसंग आहे. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवं सभागृह बांधलं होतं आणि पहिलं पाऊल बुद्धांनी ठेवावं अशी त्यांची इच्छा होती. बुद्ध आले, रात्री बराच वेळ बोलले, आणि मग आपला शिष्य आनंद याच्याकडे वळून म्हणाले की माझी पाठ दुखते आहे, मी ती जरा टेकतो, यापुढचं या लोकांना तू सांग. चीवराची चौपदरी घडी त्यांनी अंथरली आणि उजव्या कुशीवर ते आडवे झाले. आनंदाने प्रवचन पुरं केलं. असाच प्रसंग पावा नगरीत मल्लांच्या सभागृहातही घडतो. तिथे हे काम सारिपुत्त या शिष्याकडे येतं. पुढे म्हातारपणी बुद्ध आपल्या देहाला दोऱ्यांनी बांधून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा देतात.

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात उजव्या कुशीवर पहुडलेली बुद्धमूर्ती आहे, सुमारे सात मीटर लांबीची. ती महापरिनिर्वाणाची, पाठदुखीची नव्हे. पण कूस तीच. जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या सहली तिथे नेहमी जातात. तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगावं की या माणसाने भर सभेत, राजेरजवाड्यांसमोर, ‘माझी पाठ दुखते आहे’ असं म्हटलं होतं.

या पाठदुखीनं पुढे परंपरेलाच पेचात टाकलं. बुद्धांना दुखणं कसं असेल? अपदान या ग्रंथात तिचं कारण दिलं आहे: कुठल्याशा पूर्वजन्मी त्यांनी कुस्तीत एका मल्लाला जायबंदी केलं होतं. म्हणजे जो माणूस आठ कारणांपैकी कर्माला एकच जागा देतो, त्याच्या स्वतःच्या पाठीलाही लोकांनी मागचा जन्म चिकटवलाच. दुःखाला कारण हवंच, ही माणसाची ओढ एवढी जबर असते. मिलिंदप्रश्न या ग्रंथात भिक्षू नागसेनाला याच मुद्द्यावर पुन्हा सांगावं लागतं की प्रत्येक वेदना कर्मातूनच येते असं समजू नये.

तरीही प्रारब्ध हा शब्द टाकाऊ नाही. एखादी बाई स्वतःबद्दल ‘माझ्या नशिबात होतं’ असं म्हणते तेव्हा कितीदा तरी ती हातपाय गाळत नसते. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा रात्र खाणारा प्रश्न तेवढ्यापुरता मिटवून ती उद्याच्या भाकरीकडे वळत असते. हा शब्द तिने उचलला तर ती काठी होते. दुसऱ्याने तिच्याकडे फेकला तर तो निकाल होतो, आणि निकाल देणाऱ्याची मात्र त्यातून सुटका होते. भोग तिचे म्हटले की हंडा उचलून द्यायला नको.

आसोद्याच्या महाजनांच्या घरात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना हा फरक नीट ठाऊक होता. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या, तिशीत वैधव्य आलं. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन मुलं. त्यांतल्या ओंकारला प्लेगने कायमचं अपंगत्व दिलेलं. अक्षरओळख नसलेली ही बाई शेत, जातं आणि चूल यांच्यामध्ये ओव्या रचत राहिली. त्या १९५१ साली गेल्या. पुढच्या वर्षी सोपानदेवांमुळे आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेनिशी कविता छापून आल्या. आता जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. वैधव्याच्या दुःखावरच्या कवितेत त्या कपाळावरची कर्माची रेषा मान्य करतात, पण ती वाचायला आलेल्या ज्योतिषाला मात्र दारातून परत पाठवतात. ओळी इथे देत नाही, खान्देशात त्या पाठच आहेत. पण त्यातली वैचारिक शिस्त फारशी कुणी बोलून दाखवत नाही. आपलं दैव आपण जाणून घेणं वेगळं आणि परक्याने पोथी उघडून ते आपल्याला ऐकवणं वेगळं. दुसऱ्याला दारात थारा नाही.

दुःखाच्या दोन बाणांची गोष्टही बुद्धांनीच सांगितली आहे. पहिला बाण देहाला लागतो. त्यावर मन जे आक्रंदन करतं, तो दुसरा बाण. शहाणा माणूस पहिला बाण सोसतो, दुसरा लागू देत नाही. पाठदुखीवर आज शिकवल्या जाणाऱ्या मानसोपचारांतही असाच विचार सापडतो. जुनाट वेदनेत भीती आणि चिंता कळ वाढवतात, हे वैद्यकाने तपासून मान्य केलेलं आहे.

पण एकट्या आईच्या बाबतीत इथे थांबून नीट पाहायला हवं. ‘मी आडवी झाले तर पोरांना कोण बघेल?’ हा तिच्या मनाचा खेळ नव्हे. ते सरळ गणित आहे. येचणीचे चार दिवस बुडाले तर किराणा बुडतो. तिला ‘चिंता करू नकोस’ सांगणं म्हणजे घुसलेल्या बाणाकडे बघून तो नाहीच असं म्हणणं. तिचा दुसरा बाण निम्मा तरी बाहेरून आलेला असतो आणि तो काढायलाही बाहेरचाच हात लागतो. सभागृहात बुद्ध निवांत आडवे होऊ शकले, कारण आनंद होता. प्रवचन अर्धवट राहणार नव्हतं. या बाईजवळ आनंद नाही. तिची पाठ आणि तिची फरशी यांच्यामध्ये अंतर आहे ते एवढंच.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, ओळीने अठरा रविवार विनोबा भावे गीतेवर बोलले. साने गुरुजींनी ते शब्द टिपून घेतले म्हणून गीता प्रवचने हा ग्रंथ आपल्या हाती आहे. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा कर्म आणि विकर्म यांचा मेळ समजावतात. बाहेरच्या कर्मात आतलं मन ओतलं की कर्माचं ओझं उतरतं, असा त्यांचा मुद्दा. तिथे दृष्टान्त आहे आईच्या हाताचा. मुलाच्या पाठीवरून ती हात फिरवते. हात साधा, पाठ साधी, वजनमापाच्या हिशेबात क्रिया नगण्य. तरी मुलाला त्यातून जे मिळतं ते कुठल्याही मापात बसत नाही, कारण आईने त्या हातात जीव ओतलेला असतो.

दृष्टान्त खरा आहे. दुखऱ्या पाठीची बाईही रात्री आडवं होण्याआधी पोराच्या पाठीवरून हात फिरवतेच. मात्र या विचाराची एक पडछाया समाजाने सोयीने उचलली आहे: मायेनं केलं की आईला थकवा येत नाही. विनोबा मनावरच्या ओझ्याबद्दल बोलत होते. मणक्यातल्या गादीला माया कळत नाही, तिला वजन कळतं. शिवाय दृष्टान्तात हात आईचा आणि पाठ मुलाची आहे. आईच्या पाठीवरून हात कोण फिरवणार, हा प्रश्न त्या तुरुंगातल्या रविवारी समोर नव्हता. आज तो धुळ्यातच विचारला पाहिजे.

त्याचं उत्तर शोधायला वारकऱ्यांच्या देवाकडे वळावं लागतं. विठोबा कमरेवर हात ठेवून उभा आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या पांडुरंगाष्टकात या हातांचा अर्थ लावला आहे: माझ्या भक्तांना भवसागर एवढाच, कमरेइतकाच खोल आहे, हे देव हातांनी दाखवतो आहे. अर्थ सुंदर आहे. पण कंबर हीच जिची बुडण्याची जागा आहे, तिला या मूर्तीत आणखी काही दिसत असेल. दिवसभर वाकून उठलेली बाई नेमकी अशीच उभी राहते, दोन्ही तळवे कमरेवर दाबून, कणा मागे ताणत. अठ्ठावीस युगं उभ्या असलेल्या देवाचीही पाठ भरून आली असेल, हा विचार पाखंडी वाटायचं कारण नाही. आपल्याकडे देव एवढा जवळचाच राहिला आहे.

आणि हा देव दुखण्यावर काय बोलतो? जनाबाईच्या कथांमध्ये तो फारसं काही समजावत नाही. जनी दासी आहे, आईबापांविना वाढलेली, नामदेवाच्या घरी राबणारी. तिला तो पूर्वजन्म सांगत बसत नाही. तो जात्याचा खुंटा धरतो, शेणी वेचतो, पाणी भरतो. दळणाचा निम्मा जोर त्याचा. मराठी भक्तीने दुःखाच्या प्रश्नाला दिलेलं सर्वांत धीट उत्तर हेच म्हणावं लागेल, की कारण सांगणारा देव बाजूला ठेवून तिने काम वाटून घेणारा देव निवडला.

खान्देशाला तर याहून जवळची गोष्ट आहे. पोरक्या भावंडांची ही कथा. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार मुलं एकमेकांना वाढवत राहिली. निवृत्तीला मांडे खावेसे वाटले, मुक्ताई भाजायला खापर आणायला निघाली, विसोबा चाटीने कुंभारांना ते देऊ दिलं नाही. ती रडत परतली तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने स्वतःची पाठ तापवली आणि म्हणाले, यावर भाज. खापरावरचे मांडे घरोघरी करणाऱ्या प्रदेशाला ही कथा वेगळीच लागते. इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं की तापल्या खापराच्या नुसत्या धगीनेही हात पोळतो. कथेत चमत्कार योगाचा आहे, पण तिचा कणा नात्याचा आहे. गावाने भांडं नाकारलं तेव्हा भावाने बहिणीला आपली पाठ दिली. तीच मुक्ताई पुढे १२९७ साली तापीकाठी मेहूणजवळ विजेच्या लोळात लुप्त झाली असं सांगतात. कोथळी-मुक्ताईनगरहून तिची पालखी दर आषाढीला महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला जाते.

दुखण्याला कर्मफळ म्हणण्यातला धोका केवळ विचारांचा नाही, तो प्रत्यक्ष आहे. पायांतली ताकद जाऊ लागणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागेला बधिरपणा येणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं लागतं. रात्रीचा ताप आणि घटणारं वजन सोबत असेल तर मणक्याचा क्षय तपासावा लागतो. वेळेत सापडला तर तो औषधांनी बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. भोग म्हणून अंगावर काढला तर पाय कायमचे जाऊ शकतात. अर्थात बहुतेकांची कंबर अशा कारणाने दुखत नाही. २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि त्यांत बायका अधिक. जवळजवळ नव्वद टक्के रुग्णांत एकच एक नेमकं कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, समजावून सांगणं आणि मनाचा आधार यांवर भर आहे, तर कंबरपट्टे आणि वजन लावून ताण देणं हे नेहमीचे उपाय टाळायला सांगितले आहेत. खाटेवर पडून राहू नये, झेपेल तेवढी हालचाल करावी, हा आजचा सर्वमान्य सल्ला. झेपेल तेवढी, यातलं मोजमाप मात्र किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईच्या हातात नसतं. ते दुसऱ्या कुणीतरी तिच्या हातात आणून द्यावं लागतं.

म्हणून ती जेव्हा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरते, तेव्हा ती धर्माच्याच प्रश्नाला हात घालत असते, असं म्हणणं अतिशयोक्ती ठरू नये. या योजनेची रक्कम २०२३ साली महिना एक हजारावरून दीड हजार झाली. एकल पालकांच्या मुलांसाठीच्या बालसंगोपन योजनेत त्याच वर्षी दर मुलामागे महिना अकराशेवरून सव्वादोन हजार झाले. रक्कम थोडी आहे, कागद पुष्कळ आहेत, रांगेत उभं राहायला पुन्हा कंबरच लागते. पण येचणीचे जे दिवस ती घरी पाठ टेकू शकते, ते याच पैशातून येतात. शाळेतला पोषण आहारही तसाच. दुपारी एक वेळची चूल पेटवावी लागत नाही, तेवढा वेळ कणा सरळ राहतो.

परंपरेनेही बायकांच्या पाठीचा विचार केलाच नव्हता असं नाही. खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्या दिवसांत लेकीला कुणी कामाला लावत नाही, लावलं तर आई रागावते. विसावा हा इथे सणाचा भाग आहे, तो मागावा लागत नाही. बहिणाबाईंनीही आखाजीवर कविता रचली आहे. फक्त तो विसावा माहेर असणाऱ्यांचा. जिची आई गेली, जिच्या भावाच्या घरात जागा नाही, तिच्यासाठी झोका कुणी बांधायचा हे सणाने ठरवलेलं नाही.

येचणीच्या शेतात मात्र एक गोष्ट घडताना दिसते. बायका ओळीने पुढे सरकत असतात, प्रत्येकीची पात ठरलेली. एखादी मागे पडते, झाडाला धरून उभी राहते, तळवे कमरेवर. शेजारच्या पातीतली काही बोलत नाही. आपली झाडं वेचता वेचता हात लांबवून तिचीही दोन-चार झाडं वेचते, पलीकडची तिकडून वेचते, आणि तो कापूस जाता जाता तिच्या ओटीत टाकते. ती तोवर बांधावर जाऊन, पदराची घडी डोक्याखाली घेऊन, उजव्या कुशीवर जरा आडवी झालेली असते.